उजेडात बघून घ्या

पुण्यात तुळशीबागेच्या आसपास मॅचिंग सेंटरांना तोटा नाही. त्यातल्या एखाद्यात घटकाभर उभं राहिलं की एक दृश्य हमखास दिसतं. बाई पिशवीतून साडी काढते आणि काउंटरवर काठ पसरते. आतला माणूस साडीकडे ओझरतं बघतो आणि छतापर्यंत रचलेल्या कापडांतून, फारसं न शोधता, दोन-तीन तागे ओढतो. सगळे मोरपंखी. बाईला सगळे सारखेच दिसतात. शेजारी अस्तर घ्यायला उभ्या असलेल्या मलाही. ती त्यातल्या एकावर बोट ठेवणार एवढ्यात तो म्हणतो, “काकू, ट्यूबखाली नका ठरवू. उजेडात बघून घ्या.” मग दोघं दुकानाच्या पायरीवर येतात. स्कूटरवाले आणि हातगाड्या यांना चुकवत साडीचा काठ आणि टू बाय टूचं कापड उजेडाकडे धरलं जातं, आणि आत जुळ्या भावांसारखे दिसणारे ते तागे बाहेर एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. एक हिरवट निघतो, एक राखाडीकडे झुकतो, आणि एकच काय तो काठाशी नेमका जुळतो.

रंगशास्त्रात या प्रकाराला मेटामेरिझम म्हणतात. दोन कापडांत रंगद्रव्यं निराळी असतात आणि प्रकाशातला कुठला भाग किती परतवायचा याचा प्रत्येकाचा हिशोब वेगळा असतो. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीनच जातींच्या. त्यामुळे एखाद्या उजेडात दोन निराळे हिशोब बेरजेला सारखे येतात आणि डोळा फसतो. उजेड बदलला की बेरीज बदलते. मॅचिंगवाल्याला हा शब्द ठाऊक नसतो आणि त्यावाचून त्याचं काही अडत नाही. ट्यूबखाली पसंत केलेलं कापड दुसऱ्या दिवशी परत येतं, एवढं त्याला पक्कं माहीत असतं.

कॅमेऱ्याच्या मेन्यूत ‘व्हाइट बॅलन्स’ ही ओळ दिसली की मला हा माणूस आठवतो. आपण रंगाची सगळी मालकी वस्तूकडे देऊन टाकलेली असते. त्यात निम्मा वाटा उजेडाचा असतो, हे पायरीवर आल्यावर कळतं.

एरवी कळत नाही, कारण डोळा आणि मेंदू मिळून दिवसभर गुपचूप दुरुस्ती करत असतात. दोरीवर वाळत घातलेला पांढरा सदरा सकाळी पांढरा, भर दुपारी पांढरा आणि संध्याकाळी आत आणून पिवळ्या बल्बखाली घडी घालतानाही पांढराच. खरं तर त्या बल्बखाली सदऱ्यावरून डोळ्यात शिरणारा प्रकाश चक्क नारिंगी असतो. योहानेस फॉन क्रीस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९०२ साली यामागचं साधं गणित मांडलं. ज्या जातीच्या पेशीवर प्रकाशाचा मारा जास्त, ती आपली संवेदना तेवढी आवरती घेते. तिन्ही पेशींची अशी आपापली तडजोड झाली की पांढरं पांढरं राहतं. आजच्या कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्सही मुळात हेच करतो. लाल, हिरवा आणि निळा या तीन आकड्यांना तीन वेगवेगळ्या गुणकांनी गुणायचं. महागडा कॅमेरा काय आणि खिशातला फोन काय, हा गुणाकार कोणालाच चुकत नाही.

गुणाकाराच्या आधीचं चित्र एकदा तरी बघावं. कोडॅकमधल्या ब्राइस बेयरच्या नावे १९७६ साली पेटंट झालेली रंगीत जाळी आज बहुतेक सगळ्या कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर बसलेली असते. तिच्यात हिरव्या चौकटी लाल किंवा निळ्यापेक्षा दुप्पट असतात. रॉ फाइल काहीही न गुणता उघडली तर सगळं चित्र हिरवट, पाण्याखाली बुडाल्यासारखं दिसतं. घरातली माणसं, ताटातला भात, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं हिरवं. तोवर मला वाटत होतं की कॅमेऱ्याला आधी काहीतरी ‘खरं’ दिसतं आणि मग आपण त्यात ढवळाढवळ करतो. तसं काही मूळ खरं चित्र नसतंच. कोणीतरी ठरवल्याशिवाय फोटोत पांढरं उगवत नाही.

ठरवायचं माप म्हणजे केल्विन. पुढे लॉर्ड केल्विन झालेल्या विल्यम थॉमसनने १८४८ मध्ये तापमानाची ही मोजपट्टी सुचवली, तेव्हा तिचा फोटोशी काही संबंध नव्हता. तापलेला काळा पदार्थ आधी लाल, मग पिवळा, मग पांढरा आणि शेवटी निळसर प्रकाश देतो, म्हणून उजेडाचा रंग तापमानात सांगायची पद्धत पडली. मेणबत्ती किंवा समई १९००च्या आसपास, जुना पिवळा बल्ब २८००, दुपारचं ऊन ५५००, निरभ्र आकाशाखालची सावली ७०००च्या वर. म्हणजे आपण ज्याला ऊबदार म्हणतो तो उजेड या पट्टीवर थंड ठरतो आणि सावलीचा गार निळा उजेड तापलेला. त्यात भर म्हणून, कॅमेऱ्यात आकडा वाढवला की फोटो पिवळा होतो, कारण कॅमेरा समोर निळा उजेड आहे असं धरून उलट भरपाई करतो. शिकवताना फोटोग्राफर मंडळी इथं हात टेकतात. ट्यूबलाइट तर या पट्टीवर नीट बसतही नाही. तिच्यातल्या पाऱ्यामुळे प्रकाशात हिरव्याचा एक टोकदार उंचवटा असतो. तो काढायला हिरवा-किरमिजी अशी दुसरी पट्टी सरकवावी लागते.

हे सगळं करायला नको म्हणून ऑटो आलं. ऑटोच्या मुळाशी एक भाबडी समजूत आहे: जगातले सगळे रंग एकत्र घोटले की करडा रंग येतो. तसा तो येत नसेल तर तो दोष उजेडाचा, आणि तो काढून टाकायचा. पूर्वी रंगीत फोटो छापणाऱ्या लॅबमधली यंत्रंही हेच मानायची. लाल पडद्यासमोर लाल शालूत बसलेल्या नवरीचा चेहरा जुन्या अल्बममध्ये हिरवट का, याचं उत्तर तिथं आहे. यंत्राने लाल जास्त झाला म्हणून तो उतरवला, आणि शालूबरोबर चेहऱ्यावरचाही उतरला.

ही समजूत आपल्याकडे कुठं कोसळते हे बघायचं असेल तर सोमवती अमावास्येला जेजुरीला जावं. खंडोबाची पालखी कऱ्हेकडे निघायच्या वेळी गडावर पिवळ्याखेरीज दुसरा रंग उरत नाही. भंडारा मुठीमुठीने उधळला जातो, दीपमाळांच्या दगडी हातांवर साठतो, देवळासमोरच्या त्या मोठ्या पितळी कासवाच्या पाठीवर थर धरतो, पायऱ्यांच्या खाचांत, टोप्यांच्या घड्यांत आणि म्हाताऱ्यांच्या भुवयांत जाऊन बसतो. थोड्या वेळाने हवाच पिवळी होते. ऊन भंडाऱ्यातून गाळून खाली येतं आणि पिवळ्या फरशीवरून उलटून हनुवटीखाली पडतं. अशा वेळी ऑटोवर कॅमेरा चालवला की तो ती सगळी हळद दोष समजून पुसू लागतो. भंडारा फिकट पडतो, दगड निळे होतात, माणसं आजारी दिसतात. जो रंग बघायला लोक कुठून कुठून आलेले असतात, नेमका तोच कॅमेरा नाकारतो.

उपाय अगदी बाळबोध आहे. कॅमेऱ्यावरचं सूर्याचं चित्र निवडायचं आणि त्याला हात लावायचा नाही. पण इथंच मला पुढचा प्रश्न छळतो. उन्हाला प्रमाण मानलं तर पांढरा सदरा पिवळट येणार, कारण त्या क्षणी त्याच्यावर पडणारा उजेड पिवळाच आहे. सदऱ्याचा खरा रंग हवा, की सदरा त्या दुपारी जसा होता तसा हवा? दोन्ही एका फोटोत मिळत नाहीत. माझ्यापुरतं मी ठरवून टाकलं आहे. जेजुरीत सदरा पिवळा राहू द्यावा.

हळदीचं दुसरं ठिकाण म्हणजे लग्नघर. मांडवाला पिवळं सॅटिन, झेंडूच्या माळा, नवरीची पिवळी साडी आणि गालावर हळद. इथं भानगड आणखी वाढते, कारण आताचे फोन चेहरे ओळखतात. चेहरा कसा दिसायला हवा याची त्यांची काही ठाम मतं असतात. हळदीने माखलेला गाल दिसला की फोन तो ‘बरा’ करायला जातो. पिवळा काढतो, गुलाबी भरतो आणि वर थोडा उजळपणाही देऊन टाकतो. पी हळद आणि हो गोरी ही म्हण आपण उतावळ्या माणसांची चेष्टा करायला वापरत आलो. फोनने ती अक्षरशः खरी करून दाखवली, तीही हळद वगळून.

चेहरा कसा दिसायला हवा हे आधी कोणी ठरवलं? रंगीत फिल्मच्या काळात लॅबना छपाईचे रंग जुळवण्यासाठी कोडॅककडून एक नमुन्याचा फोटो यायचा. त्यात एक गोरी बाई असायची. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्या फोटोंना ‘शर्ली कार्ड’ म्हणायला लागले. शर्लीची कातडी बरोबर आली की मशीन बरोबर. सावळी माणसं तपकिरी-काळ्या धुरात हरवायची, त्याबद्दल कोणी फारसं विचारलं नाही. पुढे सत्तरच्या दशकात कंपनीने गडद छटा सुधारायला घेतल्या. त्या वेळच्या कंपनीतल्या माणसांनीच नंतर सांगितलं की तेव्हा जोरदार तक्रारी येत होत्या त्या लाकडी फर्निचरवाल्यांच्या आणि चॉकलेटवाल्यांच्या. सागवान आणि अक्रोडातला फरक फोटोत दिसेना, हे माणसाच्या चेहऱ्यापेक्षा तातडीचं ठरलं. आपल्या गावोगावच्या स्टुडिओंत स्थळासाठी फोटो काढताना “जरा उजळ करू का, ताई?” असं विचारलं जायचं, त्यात आपली हौस होतीच, पण समोरची पट्टीही मुळात तिकडेच झुकलेली होती. १९७६ साली आलेल्या मॅकबेथच्या चोवीस चौकटींच्या रंगतक्त्यात मात्र पहिली चौकट गडद कातडीची आहे आणि दुसरी उजळ कातडीची. हा तक्ता आजही कामाचा आहे.

शर्लीच्याही मागे गेलं तर आणखी गमतीची गोष्ट सापडते. आज जगभरच्या पडद्यांवर, छापखान्यांत आणि रंगाच्या कारखान्यांत रंग ज्या आकड्यांत मोजला जातो, त्याचा पाया १९३१ साली घातला गेला. त्यासाठी एक ‘प्रमाणित निरीक्षक’ कल्पिला. त्याचे डोळे कुठून आणले? इंग्लंडमध्ये डब्ल्यू. डी. राइटने दहा जणांवर आणि जॉन गिल्डने सात जणांवर जे प्रयोग केले, त्यांच्या सरासरीतून. एकंदर १७ माणसं. एवढ्या तुटपुंज्या पंचमंडळींचा निकाल इतकी वर्षं बऱ्यापैकी टिकला आहे, याचं मला कौतुकच वाटतं. पण कोणी छातीठोकपणे ‘अचूक रंग’ म्हणालं की मला ती सतरा माणसं रांगेत उभी दिसतात.

आणि डोळे तरी सगळ्यांचे कुठं सारखे असतात? माझ्या मावशीच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढून घरी आल्यावर ती ओट्यापाशी उभी राहून बराच वेळ दुधाच्या पातेल्याकडे बघत होती. मग एक डोळा हाताने झाकून बघितलं, मग दुसरा. “ह्या डोळ्याने दूध पांढरं आहे गं,” ती म्हणाली, “आणि ह्या डोळ्याने चहात पडल्यासारखं.” वय वाढतं तशी डोळ्यातली भिंगं पिवळी होत जातात. इतकी सावकाश की मेंदू दर वर्षी थोडी भरपाई करतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. नवं भिंग बसलं की एका दिवसात जग निळं-पांढरं होतं. पुढचे काही दिवस मावशी घरभर हेच करत हिंडली. देवघरातली चांदी, स्वतःची मोतिया रंगाची साडी, नातवाचा गणवेश, सगळं दोन्ही डोळ्यांनी आलटून पालटून तपासून झालं. साडी मोतिया नव्हतीच, पांढरी होती, हा शोध तिला फारसा आवडला नाही. फ्रान्समध्ये क्लोद मोने या चित्रकाराचं असंच झालं होतं. १९२३ साली उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्याला सगळं फार निळं दिसू लागलं. तो वैतागला आणि रंगीत काचांचे चष्मे लावून बघू लागला. तीस वर्षांपूर्वी त्याने रूआँच्या कॅथीड्रलची तीसेक चित्रं वेगवेगळ्या वेळच्या उजेडात रंगवली होती. दगड तोच, रंग दर वेळी निराळा. त्याच माणसाला पुढे स्वतःच्या डोळ्यांतल्या उजेडाशी झगडावं लागलं.

पांढऱ्याची गोष्ट निघाली म्हणून सांगते. बातमीच्या कॅमेऱ्यावर काम करणारी मुलं अजूनही ठिकाणावर पोचल्या पोचल्या “व्हाइट घेऊ दे” म्हणतात आणि वार्ताहराच्या वहीचं कोरं पान लेन्ससमोर धरायला लावतात. घाईच्या कामाला ते ठीक आहे. पण कागदाचा पांढरेपणा हा बराचसा बनाव असतो. आई-आजी धोतराला नीळ देत, कारण किंचित निळं पांढरं जास्त पांढरं वाटतं. आता तेच काम कागदातली आणि धुण्याच्या पावडरमधली चमकद्रव्यं करतात. डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण शोषून ती निळा प्रकाश परत टाकतात. कॅमेऱ्याने त्या निळसर पानाला पांढरं मानलं की बाकीचं सगळं पिवळं होतं. त्यापेक्षा करडं कार्ड बरं. दिसायला अगदी नीरस, पण तिन्ही रंग सारखेच परतवणारं. फोटो काढायच्या जागी ते एकदा धरून एक फोटो घ्यायचा, नंतर संगणकावर त्या करड्यावर टिचकी मारायची. गुणक आपोआप ठरतात. मॅचिंगवाल्याची पायरी खिशात घेऊन हिंडायची एवढीच काय ती सोय.

करड्या कार्डालाही न जुमानणाऱ्या जागा आहेत. जुन्या वाड्याचं माजघर ही त्यातली माझी आवडती. चौकातून येणारा आभाळाचा निळा उजेड एका बाजूने, कोनाड्यातला पिवळा बल्ब दुसऱ्या बाजूने. मधे बसलेल्या माणसाचा एक गाल ८००० केल्विनचा आणि दुसरा २८००चा. बल्ब सांभाळला तर चौक शाईत बुडतो, चौक सांभाळला तर भिंत पेटते. सगळ्या फोटोला एकच गुणक लावून हे सुटत नाही. माझा उपाय गावठी आहे: बल्ब बंद करते आणि थोडा अंधार चालवून घेते. समईचं मात्र उलट. समईचा उजेड दुरुस्त करून पूर्ण पांढरा करता येतो, हे मी करून बघितलं आहे. ज्योत पांढरी होते, पितळ स्टीलसारखं दिसतं आणि देव दवाखान्यात ठेवल्यासारखे वाटतात. आकड्यांच्या हिशोबाने तो फोटो बिनचूक होता. मी तो पुसून टाकला.

मुंबईकरांनी हा वाद रस्त्यावर घातला होता. मरीन ड्राइव्हवर सोडियमचे पिवळे दिवे होते, तेव्हा त्या दिव्यांखाली निळी गाडी काळी दिसायची आणि लाल गाडी मळकट. ज्या उजेडात निळा जवळपास नसतोच, तिथं कॅमेऱ्याचा गुणाकारही हतबल होतो. शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच. २०१५ साली तिथं पांढरे एलईडी लागले. गाड्यांचे रंग नीट दिसू लागले, आणि तरीही, दिव्यांच्या त्या वळणदार माळेला लोक ज्या नावाने ओळखत तो ‘राणीचा हार’ गेला म्हणून केवढी ओरड झाली. शेवटी पिवळसर एलईडी आले. ती ओरड मला पटते. त्या वळणाचे फोटो बघणाऱ्याला गाड्यांचे रंग नको असतात.

येवल्याची पैठणी विकणाऱ्याला मात्र असली सवलत नाही. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा, त्यामुळे पैठणी हातात फिरवली की रंग फिरतो. ती आता व्हॉट्सॲपवर फोटोतून विकली जाते, आणि खाली ओळ असते की प्रत्यक्ष रंग थोडा वेगळा असू शकतो. थोडा म्हणजे किती, हे घेणाऱ्याच्या फोनवर ठरतं. एकाच्या फोनला रात्री पिवळी झाक चढते, दुसऱ्याच्या फोनला सगळं भडक दाखवायची हौस असते. इथं माझं मत स्पष्ट आहे. जिथं फोटो बघून कोणी पैसे मोजणार आहे, किंवा एखाद्या माणसाच्या कातडीबद्दल मत बनवणार आहे, तिथं रंग जितका जमेल तितका खरा द्यायलाच हवा. करडं कार्ड धरावं, दुपारी उत्तरेच्या खिडकीशी साडी पसरावी आणि फिल्टरच्या वाटेला जाऊ नये. बाकी ठिकाणी उजेडाला त्याचा वाटा मिळू द्यावा.

तेव्हा येत्या लग्नसराईत घरात हळद असेल तर फोटो काढणाऱ्या भाच्याला दोनच गोष्टी सांगा. खोलीतली ट्यूब बंद करून नवरीला खिडकीपाशी बसव, आणि फोन असो की कॅमेरा, ऑटो सोडून उन्हाचं चिन्ह निवड. फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात ते सापडलं नाही तर ‘प्रो’ मोडमध्ये बघायला सांगा. बऱ्याच फोनमध्ये ते तिथं असतं.